आकाशगंगेच्या आत बसून तिचा आकार कसा कळला?

गिरणाकाठ
मंडळी, एक शंका. आकाशगंगेचा तो फोटो सगळ्यांनी पाहिला असेल, मधे पिवळसर आडवा पट्टा, भोवती गोल फिरत गेलेल्या भुजा आणि एका कोपऱ्यात बाण, "आपण इथे". हा फोटो काढला कोणी? व्हॉएजर-१ १९७७ ला निघालं, जवळपास पन्नास वर्षं झाली आणि जेमतेम एक प्रकाशदिवस एवढं अंतर कापलंय त्याने. आकाशगंगेची तबकडी एक लाख प्रकाशवर्षांच्या आसपास म्हणतात. म्हणजे बाहेर जाऊन फोटो काढणं शक्यच नाही. माझं स्पष्ट मत, ते चित्रकाराच्या मनातलं आहे आणि पुस्तकात ते फोटो म्हणून छापतात. कोणाला जास्त माहिती असेल तर सांगा, क्लासमधली पोरं डोकं खातात.

शेवभाजी_जास्त_तर्री
ड्रोन.

तापी_ते_सातपुडा
गिरणाभाऊ, चित्र आहे हे तुमचं बरोबरच. सगळ्यात जास्त फिरतं ते नासासाठी रॉबर्ट हर्ट यांनी काढलेलं, २००८ चं, स्पिट्झर या अवरक्त (इन्फ्रारेड) दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून. पण "मनातलं" म्हणू नका. त्यातली केंद्राची जागा, आपली जागा, भुजांची वळणं ही मापनं आहेत. आणि गंमत अशी की नुसतं बघून, तारे मोजून हा नकाशा काढायचा प्रयत्न आधी झाला होता आणि तो पार फसला होता. विल्यम हर्शेलने १७८५ मध्ये आकाशाच्या वेगवेगळ्या भागांत तारे मोजले आणि सूर्य जवळपास मधोमध आला. कॅप्टाइनने पुढे तेच जास्त नेटाने केलं, १९२२ ला त्याचं मॉडेल आलं, तरी सूर्य मध्याजवळच. कारण मधे धूळ आहे. ती लांबचे तारे झाकते, त्यामुळे चहूकडे सारखंच अंतर दिसतं आणि आपणच मध्यभागी असल्यासारखं वाटतं. धूळ प्रकाश खाते हे ट्रम्पलरने पक्कं दाखवलं १९३० ला. नकाशा सुधारला तो तारे कुठे आहेत यापेक्षा ते पळताहेत कुठे हे बघितल्यावर.

मुक्ताईची_लेक
पण दादा पळताना दिसतात कुठे? आमच्या आजीने दाखवलेले सप्तर्षी आजही तसेच्या तसे आहेत. उगवतात मावळतात ते पृथ्वी फिरते म्हणून. त्यांचा स्वतःचा वेग कसा मोजणार?

अमळनेर_फिजिक्स
ताई, वेगाचे दोन भाग करायचे. एक आपल्याकडे किंवा आपल्यापासून लांब, तो वर्णपटावरून (ताऱ्याच्या प्रकाशातले रंग वेगळे करून मिळणारा पट्टा) मिळतो. तारा जवळ येत असेल तर त्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेषा निळ्या बाजूला सरकतात, लांब जात असेल तर तांबड्या. तारा किती लांब आहे हे माहीत नसलं तरी चालतं, रेषा किती सरकली तेवढं बघायचं, वेग थेट किलोमीटरमध्ये.

दुसरा भाग आडवा. तो आकाशात जागा बदलल्यावर कळतो आणि त्याला धीर लागतो. एडमंड हॅलीने (धूमकेतूवाला तोच) १७१८ मध्ये जुन्या ग्रीक नोंदी आपल्या काळच्या नोंदींशी ताडून पाहिल्या तर व्याध, स्वाती, रोहिणी हे तारे आपल्या जागेवरून हललेले निघाले. "स्थिर तारे" ही समजूत तिथे संपली.

स्वातीचंच घ्या, कारण तो सगळ्यांना सापडतो, सप्तर्षीच्या शेपटीचा बाक तसाच पुढे नेला की नारिंगी तारा येतो तोच. आपल्यापासून ३७ प्रकाशवर्षं. दर वर्षी साधारण २.३ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकतो. म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीएवढं सरकायला ८०० वर्षं. यादवांच्या काळात कोणी त्याची जागा नीट लिहून ठेवली असती तर आज फरक साध्या डोळ्यांनी कळला असता. आणि स्वाती असा वेगळा का पळतो? तो केंद्राभोवती फिरण्यात आपल्यापेक्षा सेकंदाला १०० किलोमीटरहून जास्त मागे पडतोय. सूर्याच्या बरोबरीचा नाही तो, जुन्या, जाड तबकडीतला तारा आहे, सध्या आपल्या शेजारून चाललाय एवढंच. आकाशगंगेत पातळ तबकडी वेगळी आणि जाड तबकडी वेगळी ही भानगड असल्या चालीवरूनच कळते.

केळीवाला_रावेर
स्वाती पळून चालला हे ऐकून बरं वाटलं भो. स्वातीचा पाऊस आला की बोंड फुटलेल्या कपाशीचा सत्यानाश होतो.

अमळनेर_फिजिक्स
@केळीवाला ८०० वर्षं थांबावं लागेल. आणि स्वातीचा पाऊस म्हणजे सूर्य स्वाती नक्षत्रात असतो तेव्हाचा, ऑक्टोबर अखेर. ताऱ्याचा त्यात काही हात नाही.

केळीवाला_रावेर
तुमी मास्तर लोकं गंमत करू देत नाही.

निवृत्त_गार्ड_भुसावळ
मी ३० वर्षं गाडीच्या शेवटच्या डब्यात बसून मागे पळणारे रूळ पाहिलेत तर मला जे समजलं ते सांगतो, चूकभूल द्यावी घ्यावी. समजा एकाच केंद्राभोवती गोल गोल रूळ टाकलेत आणि सगळ्या गाड्या एकाच दिशेने चालल्यात. आपली गाडी मधल्या रुळावर. आतल्या रुळावरच्या गाडीला फेरी छोटी, ती पुढे निघते, बाहेरच्या गाडीला फेरी मोठी, ती मागे पडते. आता आपण खिडकीतून बघतोय आणि आपल्याला केंद्र कुठे माहीत नाही, रूळ दिसत नाहीत, फक्त दुसऱ्या गाड्या जवळ येताहेत का लांब जाताहेत तेवढं कळतं. तर पुढे आतल्या बाजूला तिरकं पाहिलं तर गाड्या लांब जाताना दिसतील, पुढे बाहेरच्या बाजूला पाहिलं तर जवळ येताना (कारण आपण त्यांना गाठतोय), मागे बाहेरच्या बाजूला परत लांब, मागे आतल्या बाजूला परत जवळ. चार तिरक्या दिशा, लांब-जवळ-लांब-जवळ. आणि नाकासमोर, पाठीमागे, बरोब्बर केंद्राकडे आणि बरोब्बर उलट, तिथे काहीच नाही. हा चौकडीचा नमुना दिसला की केंद्र कोणत्या रेषेवर आहे ते बसल्या जागी कळलं. डच शास्त्रज्ञ यान ओर्ट यांनी १९२७ मध्ये ताऱ्यांच्या वेगात नेमका हाच नमुना दाखवला, कल्पना त्याआधी लिंडब्लाडची. बरोबर का अमळनेर सर?

अमळनेर_फिजिक्स
शंभर टक्के. फक्त पुरवणी, केंद्राची दिशा त्याआधी हार्लो शॅपलीने १९१८ ला वेगळ्या वाटेने सांगितली होती, गोलाकार तारकागुच्छ धनु राशीच्या बाजूला दाटलेत म्हणून केंद्र तिकडे. ओर्टच्या वेगांवरूनही दिशा तीच आली. एकाने जागा मोजल्या, दुसऱ्याने वेग, उत्तर एक. माझ्या मते आकाशगंगेचा आकार कळला म्हणायचं ते इथून.

शेवभाजी_जास्त_तर्री
गार्डसाहेब, एवढ्या गोल रुळावर गाडी उशिरा किती?

निवृत्त_गार्ड_भुसावळ
सूर्याला एक फेरी साधारण २२ कोटी वर्षं. आपला वेग सेकंदाला २३० किलोमीटरच्या आसपास, केंद्रापासून २६,००० प्रकाशवर्षांवर. जन्मल्यापासून विसेक फेऱ्या झाल्यात. टाइमटेबल नाही.

पाटणादेवी_परिसर
हे सगळं हॅली आणि ओर्ट यांच्या आधी आपल्याकडे होतं हे कोणी लिहित नाही याचं आश्चर्य वाटतं. वराहमिहिराने सप्तर्षी दर नक्षत्रात १०० वर्षं राहतात असं स्पष्ट दिलंय. म्हणजे तारे हलतात हे माहीत होतं. आणि भास्कराचार्य आपल्याच खान्देशाशी जोडलेले, चाळीसगावजवळ पाटणला शिलालेख आहे.

तापी_ते_सातपुडा
पाटणभाऊ, शिलालेखाचा अभिमान मलाही आहे, मी तो प्रत्यक्ष पाहिलाय. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला आणि निकुंभ राजा सोइदेवाने त्याला दान दिलं, १२०७ च्या आसपासची गोष्ट, भाऊ दाजी लाड यांनी तो लेख उजेडात आणला. खगोलशास्त्र शिकवण्यासाठी गावोगावच्या उत्पन्नातला वाटा लावून दिलेला दानलेख आपल्या जिल्ह्यात आहे, याच्यापेक्षा मोठं काय पाहिजे? पण त्यांच्या नावावर जे नाही ते कशाला चिकटवायचं. सिद्धांतशिरोमणी (११५०) ग्रहांच्या गतीचा ग्रंथ आहे, त्यात तात्कालिक गती म्हणजे त्या क्षणाचा वेग काढायची रीत आहे, ती खरंच काळाच्या पुढची. ताऱ्यांच्या स्वतःच्या गतीचा विषय तिथे येत नाही.

आणि सप्तर्षींचं ते १०० वर्षांचं चक्र मोजमापात कुठेच सापडत नाही. तसे फिरत असते तर २७०० वर्षांत आकाशाला पूर्ण चक्कर मारली असती.

मुक्ताईची_लेक
मग सप्तर्षी खरे हलतात की नाही? माझा प्रश्न तिथेच राहिला.

तापी_ते_सातपुडा
हलतात ताई आणि त्यांची गोष्ट त्या चक्रापेक्षा भारी आहे. सातातले पाच, पुलह, पुलस्त्य, अत्री, अंगिरस आणि वसिष्ठ, सगळे एकाच दिशेने एकाच वेगाने चाललेत, साधारण ८० प्रकाशवर्षांवर. वसिष्ठाबरोबर अरुंधतीही. एकाच ढगातून जन्मलेली भावंडं आहेत ती. दोन टोकांचे, क्रतू आणि मरीची, त्यांच्यातले नाहीतच, जास्त लांब आहेत आणि वेगळ्याच दिशेने चाललेत. हे १८६९ मध्ये रिचर्ड प्रॉक्टरने दाखवलं. म्हणजे नुसतं पाहून सात एक कुटुंब वाटतात, गती मोजली की पाच घरचे आणि दोन पाहुणे.

मुक्ताईची_लेक
हे आजीला सांगायला हवं होतं. मस्त.

पाटणादेवी_परिसर
ठीक आहे, पण चक्राचा अर्थ गूढ असू शकतो, सरळ वाच्यार्थाने घेऊ नये एवढंच म्हणतो. थांबतो.

धुळे_रोखठोक
आता मी बोलतो. इथपर्यंत सगळं पटलं. पण पुढे हेच लोक काय करतात? वेग मोजले, गणितात बसले नाहीत, तर म्हणे न दिसणारं वस्तुमान आहे. कृष्णपदार्थ. ना दिसतो, ना प्रयोगशाळेत सापडला. गणित चुकलं तर गणित बदला ना, जगात न दिसणारी वस्तू कशाला घुसवता?

अमळनेर_फिजिक्स
रोखठोक भाऊ, प्रश्न रास्त आहे, म्हणून जरा सविस्तर.

सूर्यमालेत बघा. बुध सेकंदाला ४७ किलोमीटर, पृथ्वी ३०, नेपच्यून साडेपाचच्याही आत. जवळजवळ सगळं वजन मधे सूर्यात, म्हणून लांब गेलं की वेग उतरतो. आकाशगंगेतही उजेड मधे दाटलाय, मग कडेचे तारे हळू फिरायला हवेत. व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानी (अँड्रोमेडा) या आपल्या शेजारच्या दीर्घिकेतल्या, म्हणजे आकाशगंगेसारख्याच दुसऱ्या तारासमूहातल्या, वायुढगांचे वेग मोजले, १९७० ला छापले, तर बाहेरच्या बाजूला वेग उतरायचं नावच घेईना. पुढे रेडिओने त्याही बाहेरचा वायू मोजला, तिथेही तेच. त्याही आधी १९३३ मध्ये झ्विकीने कोमा दीर्घिकासमूहातल्या दीर्घिकांचे वेग पाहून म्हटलं होतं की दिसणाऱ्या वस्तुमानाने हा समूह बांधून राहणार नाही. १९५९ मध्ये कान आणि वोल्ट्येर यांनी तिसरीच वाट धरली. देवयानी आपल्याकडे येतेय (स्लायफरने १९१२ ला मोजलं, सेकंदाला ३०० किलोमीटर, त्यातून आपलं स्वतःचं फिरणं वजा केलं की ११० च्या आसपास). विश्व पसरत असताना या दोघी उलट फिरून एकमेकींकडे यायला किती ओढ लागेल, तर दिसणाऱ्या ताऱ्यांच्या कितीतरी पट. तीन वेगळ्या वाटा, तक्रार एकच.

"गणित बदला" हेही करून बघितलंय. मिलग्रोम यांनी १९८३ मध्ये फार कमी त्वरणाला न्यूटनचा नियम बदलतो असं मांडलं, एकेकट्या दीर्घिकांच्या फिरण्याला ते छान लागू पडतं, दीर्घिकांच्या समूहांवर आलं की तिथे तरीही वस्तुमान कमी पडतं. म्हणून बहुतेक लोक तिकडे गेले नाहीत. पण कृष्णपदार्थ कशाचा बनलाय हे कोणालाच सांगता आलेलं नाही, तेवढा तुमचा मुद्दा उभा आहे.

धुळे_रोखठोक
म्हणजे मी अर्धा बरोबर.

अमळनेर_फिजिक्स
पाव. वर अजून एक घ्या तुमच्या बाजूचं, ताऱ्यांच्या जागा मोजणाऱ्या गाया यानाच्या आकड्यांवरून २०२३ मध्ये काहींनी मांडलं की आपल्या आकाशगंगेच्या अगदी बाहेरच्या भागात वेग उतरताना दिसतो आणि एकूण वजन समजत होते त्यापेक्षा बरंच कमी असेल. त्यावर वाद चालू आहे.

शेवभाजी_जास्त_तर्री
देवयानी येऊन धडकणार का ते सांगा, पुढच्या वर्षीचा कापूस लावायचा की नाही ठरवतो.

तापी_ते_सातपुडा
लाव बिनधास्त. आधी टक्कर नक्की म्हणायचे, २०२५ च्या नव्या हिशेबात पुढच्या १,००० कोटी वर्षांत ती होण्याची शक्यता निम्मी-निम्मी निघाली.

केळीवाला_रावेर
मी एक विचारू का. आमच्या फिडरला शेतीची लाइट रात्रीची असते, मे महिन्यात रात्री दोनला पंप चालू करायला जातो केळीत, तेव्हा दक्षिणेला विंचू एकदम साफ दिसतो आणि त्याच्या नांगीच्या डाव्या अंगाला पांढुरका पट्टा फुगल्यासारखा जाड होतो अन् मधे काळे डाग. तेच का ते केंद्र?

अमळनेर_फिजिक्स
तेच. मूळ नक्षत्र म्हणजे विंचवाची नांगी, तिच्या डावीकडे धनु, केंद्र त्या हद्दीवर. आपल्या अक्षांशावरून ते क्षितिजापासून ४० अंशांपर्यंत वर चढतं, युरोपातल्या कित्येक शहरांपेक्षा आपल्याला जास्त चांगलं दिसतं. काळे डाग म्हणजेच ती धूळ, जिने हर्शेल आणि कॅप्टाइनला चकवलं. नेमकं केंद्र डोळ्याला दिसत नाही. अवरक्त कॅमेऱ्याने त्या धुळीपलीकडे बघता येतं, तिथे एस-२ नावाचा तारा १६ वर्षांत एका न दिसणाऱ्या गोष्टीभोवती फेरी मारतो, त्याच्या कक्षेवरून तिथे ४० लाख सूर्यांहून जास्त वजनाचं कृष्णविवर आहे हे कळलं. राइनहार्ड गेन्झेल आणि अँड्रिया गेझ यांना २०२० चं नोबेल त्याबद्दलच.

केळीवाला_रावेर
रातची लाइट देतात तर तेवढा फायदा झाला म्हणायचा. पायाखाली साप बघू का वर कृष्णविवर.

सातपुडा_पायी
गडद अंधार पाहिजे असेल तर तोरणमाळला जा, यशवंत तलावाच्या बाजूला. पूर्वी पाल गाव पण मस्त होतं, आता हायमास्ट दिव्यांनी वाट लावली, प्रत्येक गावाच्या चौकात एक. थंडीत गेलात तर भरीत पार्टी, पण हिवाळ्यात संध्याकाळी केंद्र दिसत नाही, उलट बाजूचा फिका पट्टा दिसतो.

शेवभाजी_जास्त_तर्री
भरीत कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं असेल तर फिका पट्टा चालेल. कळण्याची भाकरी कोण आणतंय?

मुक्ताईची_लेक
भरताचा वेगळा धागा आहे, तिथे जा.

गिरणाकाठ
बाकी सगळं वाचलं, भारी चाललंय, पण माझा मूळ प्रश्न अर्धाच सुटला. केंद्र कुठे, आपण किती लांब, फिरतो किती, कळलं. पण भुजा? त्या चित्रात किती भुजा, कुठे वळतात, हे वेगावरून कसं काढलं? तारे तर धुळीआड आहेत म्हणता.

निवृत्त_गार्ड_भुसावळ
रेडिओ. मी २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, नारायणगावजवळ खोडदची दुर्बीण पाहून आलोय, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, नुसत्या तारांच्या जाळीच्या, लांबून पाहिलं तर आरपार आभाळ दिसतं. तिथल्या एका पोराने समजावलं की हायड्रोजन २१ सेंटीमीटरची लहर सोडतो आणि धूळ तिला अडवत नाही.

अमळनेर_फिजिक्स
गार्डसाहेबांनी निम्मं काम केलं. व्हान दे हुल्स्ट यांनी १९४४ मध्ये ही लहर सापडेल असं सांगितलं होतं, इवेन आणि पर्सेल यांनी १९५१ ला पकडली. आता एका दिशेने रेडिओ दुर्बीण रोखायची. त्या रेषेवर वेगवेगळ्या अंतरावर हायड्रोजनचे ढग, पण अंतर माहीत नाही. मात्र प्रत्येक ढगाचा वेग वेगळा, म्हणून प्रत्येकाची लहर थोडी थोडी वेगळ्या जागी सरकलेली. गार्डसाहेबांचे गोल रूळ आठवा, कोणत्या रुळावर फेरीचा वेग किती हे एकदा ठरलं की उलटा हिशेब, एवढा वेग म्हणजे एवढं अंतर. असं सगळीकडे करत गेलं की नकाशा. ओर्ट, केर आणि वेस्टरहाउट यांनी १९५८ मध्ये असा पहिला मोठा नकाशा छापला आणि त्यात भुजांचे तुकडे उमटले.

अडचण दोन ठिकाणी. सूर्याच्या कक्षेच्या आतल्या भागात एकाच वेगाला दोन जागा बसतात, एक अलीकडची एक पलीकडची, त्यातली कोणती हे वेगळ्या खुणांनी ठरवावं लागतं. दुसरं, केंद्राजवळ वायू गोल फिरतच नाही. १९५७ मध्येच केंद्राच्या दिशेला एक पट्टा सेकंदाला ५३ किलोमीटर वेगाने आपल्याकडे येताना सापडला होता. गोल रुळावर तसं होत नाही, बरोब्बर केंद्राकडच्या दिशेला वेग शून्य हवा. मधे ताऱ्यांचा लांबट आडवा दांडा आहे आणि तो वायूला ढवळतो, हे पुढे पक्कं झालं. चित्रातला तो पिवळा पट्टा म्हणजे हाच, तोही चालीवरून पकडलेला.

गिरणाकाठ
आणि आकडा? भुजा चार की दोन?

तापी_ते_सातपुडा
हर्ट यांच्या २००८ च्या चित्रात दोन ठळक आणि बाकी फिक्या आहेत. २०१९ मध्ये रीड आणि सहकाऱ्यांनी जवळपास २०० मेसर, म्हणजे नव्या भारी ताऱ्यांच्या आसपासचे रेडिओचे तेजस्वी ठिपके, त्यांची अंतरं आणि वेग दोन्ही थेट मोजून नकाशा केला, त्यात चार आल्या. जुने तारे बघाल तर दोन उठून दिसतात, वायू आणि नवे तारे बघाल तर चार. केंद्रापलीकडची बाजू अजून विरळच भरलीय, चित्रात तिथे चित्रकाराचा हात जास्त आहे. एवढ्यापुरतं तुमचं पहिलं म्हणणं मान्य.

धुळे_रोखठोक
आणि गाया गाया करताय ते काय नवीन सांगून गेलं?

अमळनेर_फिजिक्स
२०१३ ला सोडलं, २०२५ च्या सुरुवातीपर्यंत मोजत होतं, जवळपास १८० कोटी ताऱ्यांच्या जागा, त्यातल्या बहुतेकांची अंतरं आणि आडव्या गती. त्यातून २०१८ मध्ये एक टोळी सापडली, हजारो तारे जे आपल्याबरोबर गोल फिरत नाहीत, केंद्राकडे लांबट कक्षेत आत-बाहेर करतात, काही तर उलटे. सुमारे १,००० कोटी वर्षांपूर्वी एक लहान दीर्घिका आपल्यात घुसली, तिचं हे शिल्लक. आज ते तारे सगळीकडे विखुरलेत, नुसत्या जागा बघून कळणार नाही कोण घरचा कोण बाहेरचा. चाल अजून जुनीच आहे.

पाटणादेवी_परिसर
अमळनेर सर, यातला एखादा बाहेरचा तारा साध्या डोळ्यांनी दिसतो का? वाच्यार्थाने विचारतोय.

अमळनेर_फिजिक्स
चांगला प्रश्न. एकेकट्या ताऱ्याचं नाव छातीठोक घेणार नाही, पण ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार गुच्छ नरतुरंग तारकासमूहात आहे, तो अशाच गिळलेल्या दीर्घिकेचं उरलेलं केंद्र असावा असं बरेच जण मानतात, आणि तोही आकाशगंगेच्या फिरण्याच्या उलट दिशेने फिरतो. एप्रिल-मे मध्ये रात्री दक्षिण क्षितिजाच्या वर थोडासा, डोळ्याला धूसर ठिपका, साध्या दुर्बिणीतून कापसाचं बोंड नव्हे हो केळीवाले, पण गोल दिसतो. पाटणादेवीला दक्षिणेला डोंगर आडवा येईल, मोकळं माळरान बघा.